कोरड्या दिवसाचं शास्त्र

त्या राज्यात अन्न वरून पडत असे. ते कोण टाकतं, का टाकतं, याची चौकशी कुणी करत नसे, कारण दुसऱ्याच्या तोंडात जाण्याआधी ते आपल्या तोंडात कसं जाईल एवढा एकच विचार दिवसभर पुरत असे. राज्याला चार भिंती होत्या आणि चारही आरपार दिसणाऱ्या. तळाला बारीक खडी, खडीवर थोडे दगड, आणि एका कोपऱ्यात अखंड बुडबुडे सोडणारी नळी, जिला सगळे मनोभावे घाबरत. प्रत्येक दगडाला मालक होता. ज्याच्याकडे दगड नव्हता त्याला मतही नसे.

अडचण एकच होती. अधूनमधून असा एक दिवस उजाडे की वरून काहीच पडत नसे. सकाळी नाही आणि संध्याकाळीही नाही. त्याला कोरडा दिवस म्हणत. दुसऱ्या दिवशी अन्न पुन्हा नेहमीसारखं पडे, पण मधला दिवस काढणं कठीण जाई. मोठे मासे छोट्यांकडे पाहू लागत, आणि छोटे नळीच्या मागे जागा शोधू लागत.

राज्य निखारे सरकारचं होतं. काळंभोर अंग, त्यावर विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे तांबडे डाग, आणि भूक लागली की चढणारा पारा. कोरड्या दिवशी सरकार समोर येईल त्याला चावत. हा न्याय नाही, असं एका कोरड्या दिवशी त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं, कारण चावायला जवळपास कुणी उरलं नव्हतं. तेव्हा त्यांनी टेंगळेशास्त्रींना बोलावणं धाडलं.

टेंगळेशास्त्री हे राज्यातले सर्वांत विद्वान. त्यांच्या कपाळावर भलंमोठं टेंगूळ होतं, आणि त्या राज्यात विद्वत्ता टेंगळावरून मोजत. जितकं टेंगूळ मोठं तितकं ज्ञान जास्त, असा हिशेब होता. आत नेमकं काय आहे हे फक्त शास्त्रींना ठाऊक होतं. आत चरबी होती. चांगलं खाल्लं की ते वाढे, चार दिवस काळजी केली की ओसरे. ही गोष्ट त्यांनी लपवली होती असं नाही. कुणी विचारली नव्हती इतकंच. एकटे असताना ते स्वतःवर मनसोक्त हसत. चारचौघांत मात्र टेंगूळ सांभाळून बसत.

"शास्त्रीबुवा," सरकारने भरसभेत विचारलं, "आज का नाही पडलं?"

याचं खरं उत्तर 'ठाऊक नाही' असं होतं, आणि ते शास्त्रींच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण सगळी सभा टेंगळाकडे डोळे लावून बसली होती, आणि एवढ्या मोठ्या टेंगळातून एवढं छोटं उत्तर काढणं त्यांना लाजिरवाणं वाटलं. वेळ काढावा म्हणून त्यांनी चेहरा गंभीर केला आणि भिंतीबाहेर पाहिलं.

बाहेर दाता बसला होता. दात्याला सगळे ओळखत. प्रचंड देह, अंगावर एक खवला नाही, आणि त्याचा हात वर आला की अन्न पडे. त्या दिवशी त्याच्या मांडीवर थाळी होती. थाळीत पांढऱ्या, गोल, ओलसर दाण्यांचा ढीग होता. दाणे एकमेकांना चिकटलेले, मधे मधे तपकिरी चुरा, कुठे एखादा हिरवा तुकडा. दाता ते मोठ्या चवीने खात होता. संपलं तसा उठला आणि थाळी पुन्हा शिगोशीग भरून घेऊन आला.

"अंडी," शास्त्री म्हणाले.

"काय?"

"दाता अंडी खातो आहे. तो हिरवा तुकडा म्हणजे शेवाळ. अंड्यांना लागून आलेलं."

सभेने भिंतीला तोंडं लावली. खरंच, अंडीच होती ती. माशाला अंडी ओळखता येणार नाहीत तर कुणाला? शास्त्री स्वतः चकित झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि ती नेमकी जागेवर लागली होती. मग त्यांना थांबता येईना.

"दात्याला अंड्यांचा मोह होतो," ते म्हणाले, "आणि तो ज्या दिवशी होतो, त्या दिवशी त्याला आपली आठवण राहत नाही. आपण त्याला अंडी अर्पण केली, तर त्याचं मन शांत होईल, आणि अन्न पडेल."

"आजच?" सरकारने विचारलं.

"उद्या," शास्त्री सावधपणे म्हणाले.

अंडी पट्टेकरकडे होती. पट्टेकर हा अंगावर काळे पट्टे असलेला मध्यम बांध्याचा मासा, एका छोट्या दगडाचा मालक आणि शास्त्रींचा पट्टशिष्य. गुरुजींचं वाक्य न् वाक्य त्याला पाठ असे. त्याच्या दगडाखाली त्या आठवड्यात नुकतीच अंडी घातली गेली होती. त्याने बायकोकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, आणि दगडापासून बाजूला झाला. अंडी खरवडून तोंडात धरून वर नेली आणि पाण्याच्या अगदी वरच्या थराला सोडली. ती अर्थातच खाली बुडू लागली. बुडणारी अंडी म्हणजे दात्याने हात लावून परत दिलेला प्रसाद, असं शास्त्रींनी तिथल्या तिथे ठरवलं, आणि प्रसादावर पहिला हक्क सरकारचा असतो हे कुणी सांगायची गरज पडली नाही. सरकारने सगळा प्रसाद एकट्याने घेतला.

दुसऱ्या दिवशी अन्न पडलं.

तेव्हापासून शास्त्रींचं टेंगूळ जे वाढलं, ते त्यांना स्वतःलाच जड होऊ लागलं. पुढच्या कोरड्या दिवशीही दात्याच्या थाळीत तेच दाणे होते. इतर दिवशी तो काहीबाही चपटं, पिवळं, पातळ खाई; अंडी फक्त कोरड्या दिवशी. निरीक्षण बिनचूक होतं. पट्टेकरने पुन्हा अंडी दिली, अन्न पुन्हा पडलं. ज्यांची अंडी नव्हती ती चंदेरी रयत, म्हणजे ती बारीक मासळी जी नेहमी घोळक्याने फिरे, तीही समाधानी होती, कारण कोरड्या दिवशी सरकारचं पोट भरलेलं असे आणि चावण्याचे प्रकार थांबले होते. शास्त्र सगळ्यांच्या सोयीचं होतं. शास्त्री कधी कधी दगडाआड जाऊन हसत, पण आता पूर्वीइतका वेळ नाही.

आणि मग सोनसळीने अंडी घातली.

सोनसळी ही शास्त्रींची बायको. अंगाने सोन्यासारखी आणि जिभेने काट्यासारखी. सारा मुलूख ज्यांना शास्त्रीबुवा म्हणे, त्यांना ती 'अहो, ऐकलंत का, जरा तुमचं ते डोकं बाजूला घ्या' असं म्हणे. तिने सपाट दगड घासून घासून लख्ख केला आणि त्यावर अंड्यांच्या ओळी मांडल्या. मग त्यांच्यावर तरंगत राहून परांनी वारा घालत राहिली. एखादं अंडं पांढरं पडलं, की ते हलकेच उचलून टाकी. शास्त्रींना पहारा दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बोलावं लागत नव्हतं, फक्त उभं राहायचं होतं. त्यांना फार आनंद झाला होता. इतका, की कोरडा दिवस जवळ येतो आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सोनसळीच्या मात्र आलं.

"अहो," परांचा वारा न थांबवता तिने विचारलं, "ते खरं आहे का?"

"कोणतं?"

"ते दात्याचं. अंड्यांचं."

शास्त्रींनी चेहरा गंभीर केला आणि भिंतीबाहेर पाहायला वळले.

"तिकडे नका बघू. माझ्याकडे बघा."

त्यांनी पाहिलं. तिच्यासमोर टेंगळाचा कधीच उपयोग झाला नव्हता.

"तेव्हा काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "मग ते जुळत गेलं. त्याच्या पोटात काय जातं आणि आपल्याला का मिळत नाही, यांचा काही संबंध आहे की नाही, मला खरंच ठाऊक नाही गं. बहुतेक अन्न पडायचंच असतं. आपण काही केलं तरी आणि नाही केलं तरी."

सोनसळीचे पर क्षणभर थांबले. "आणि पट्टेकरची अंडी?"

शास्त्री खडीकडे पाहू लागले.

"दोनदा दिली त्याने," ती म्हणाली. "त्याची बायको त्या दगडाखालून बाहेर येत नाही. मी विचारपूस करायला गेले, तर म्हणाली, शास्त्रीबुवांना आमचा नमस्कार सांगा. आणि तो नमस्कार मी घेऊन आले. तुम्हाला सांगितलाही."

तिचा राग शास्त्रींनी पूर्वी पुष्कळ पाहिला होता. त्यात आवाज असे. या रागात आवाज नव्हता. त्यांना आपल्या टेंगळाची इतकी किळस आली, की ते दगडावर आपटून फोडावं असं वाटलं. आपटलंही थोडंसं, पण दुखलं, तसं थांबले.

कोरडा दिवस उजाडला. सकाळ गेली, वरून काही पडलं नाही. दाता थाळी घेऊन बसला, आणि सगळं राज्य सपाट दगडाभोवती गोळा झालं. कुणाच्या मनात वैर नव्हतं. उलट सगळ्यांच्या चेहऱ्यावर आदर होता. खुद्द शास्त्रकर्त्याच्या घरची अंडी, म्हणजे दाता किती प्रसन्न होईल, असं चंदेरी रयत आपसांत बोलत होती. सरकारच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि पाण्यातही ते कळत होतं.

शास्त्रींनी आधी शास्त्राचाच आधार घेऊन पाहिला. सवय जात नाही.

"टेंगूळवाल्यांची अंडी कडू असतात," ते म्हणाले. "दात्याला ती चालत नाहीत."

"गुरुजी," पट्टेकर नम्रपणे म्हणाला, "आपलंच वचन आहे. 'दाता अंडं पाहतो, घर पाहत नाही.' माझ्या दुसऱ्या वेळी आपण म्हणाला होता. मी विचारलं होतं, सारखं माझ्याच घरचं का."

"बरं. पण ही अंडी फार कोवळी आहेत."

"'जितकं कोवळं तितकं प्रिय.' तेही आपलंच."

शास्त्रींचं स्वतःचं पाठांतर कधीच चांगलं नव्हतं. हे आपण कधी म्हणालो, हे त्यांना आठवेना. म्हणालो असू याबद्दल मात्र शंका वाटली नाही, कारण वाक्याला तसा डौल होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तेव्हा त्यांनी तो नाद सोडला, आणि जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं.

"हे सगळं खोटं आहे," ते म्हणाले. "मला काही ठाऊक नव्हतं. वेळ मारून नेली होती. या टेंगळात चरबी आहे."

मग सरकार गदगदून हसले. "बाप झाले हो शास्त्रीबुवा!" ते म्हणाले. "होतं असं. पहिली वेळ आहे. मनाला लावून घेऊ नका. शास्त्र एवढं पक्कं आहे, की तुम्ही नाही म्हटल्याने ते ढळायचं नाही."

रयतही हसली. शास्त्रींना वाटलं होतं की लोक चिडतील, दगड ओढून घेतील, नळीच्या मागे हाकलतील. त्यांना कुणी खोटं ठरवायलाही तयार नव्हतं. फक्त पट्टेकर हसला नाही. तो पुढे आला, अगदी जवळ, इतका की त्याच्या बुबुळात शास्त्रींना स्वतःचं टेंगूळ दिसलं.

"गुरुजी," तो हळू म्हणाला, "मग माझी अंडी?"

शास्त्री थोडे मागे सरकले. पट्टेकरचे कल्ले जोरजोरात हलत होते. मग तो वळला, आणि सगळ्यांत आधी दगडावर तुटून पडला तो तोच.

पुढे जे झालं त्यात शास्त्र नव्हतं. सोनसळी अंड्यांवर पसरली. शास्त्रींनी कल्ले फुगवले, पर ताठ केले, आणि ज्या टेंगळाचा जन्मभर दुसरा काही उपयोग केला नव्हता, त्याने येईल त्याला ढुशी द्यायला सुरुवात केली. पट्टेकरला त्यांनी तीनदा मागे सारलं, पण चावले नाहीत. चावायला तोंड होत नव्हतं. सरकार मागून आले आणि त्यांनी शास्त्रींची शेपटी तोंडात धरून पिळली. अर्धी तुटून आली. तेवढ्यात सोनसळी उसळून सरकारच्या जबड्याला भिडली, आणि दोघं तोंडात तोंड अडकवून खडीभर फरफटत गेली. खडी उडाली, पाणी गढूळ झालं, कुणाला कुणी दिसेना. मग वरचा उजेड विझला, आणि उजेडाशिवाय त्या राज्यात कुणी लढत नसे. जो तो आपापल्या दगडाकडे गेला. अंडी जागच्या जागी होती.

दुसऱ्या दिवशी अन्न पडलं.

शास्त्री अर्ध्या शेपटीने वाकडेतिकडे पोहत सभेच्या मधोमध आले. त्यांचा आनंद पोटात मावत नव्हता. "पाहिलंत?" ते ओरडले. "एकही अंडं दिलं नाही, आणि पडलं! पडायचंच होतं!"

सगळे खात होते, त्यामुळे लगेच कुणी उत्तर दिलं नाही. पोटं भरल्यावर मात्र सभा विचारात पडली. प्रश्न अवघड होता. सरकारनेही डोळे मिटून घेतले. मग पट्टेकर सावकाश बोलू लागला.

"अंडी दिली नाहीत हे खरं," तो म्हणाला, "पण काल दात्याला काहीच मिळालं नाही, असं कुठे आहे? गुरुजींची शेपूट गेली. अर्धी शेपूट. एवढ्या मोठ्या टेंगळाची शेपूट. दात्याने या वेळी ती घेतली."

मग चंदेरी रयतेत आनंदाची लाट उसळली. खरंच की! किती सरळ होतं! अंडी न देता अन्न पडायचा दुसरा मार्ग आहे, आणि तो आपल्या शास्त्रीबुवांनी स्वतःच्या अंगावर घेऊन दाखवला. काल ते 'खोटं आहे, खोटं आहे' म्हणत होते, ती परीक्षा होती.

शास्त्रींनी खोडून काढायला तोंड उघडलं. युक्तिवाद अगदी कच्चा होता. त्यात एक भोक तर असं होतं, की त्यातून निखारे सरकार आडवे गेले असते. पण पट्टेकर त्यांच्या कानाशी आला.

"गुरुजी," तो म्हणाला, "म्हणजे माझी पोचली होती ना? तेव्हा शेपूट नव्हती, अंडी होती. ती त्याने घेतलीच असणार."

शास्त्रींनी सपाट दगडाकडे पाहिलं. अंड्यांतून बारीक बारीक शेपट्या वळवळू लागल्या होत्या. सोनसळी एकेकाला तोंडात उचलून, खणून ठेवलेल्या खळग्यात नेऊन सोडत होती. मधेच तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं. मग तिने पुढचं पिल्लू उचललं.

"पोचली," शास्त्री म्हणाले.

पट्टेकरने डोळे मिटले. तो तसाच बराच वेळ पाण्यात स्थिर राहिला, आणि मग आपल्या दगडाकडे, बायकोला सांगायला, जमेल तितक्या वेगाने गेला.

त्यानंतर शास्त्री दगडाआड जाऊन हसायचा प्रयत्न करत, तेव्हा हसू पूर्वीसारखं येत नसे. आलं तरी अर्ध्यावर थांबे. शेपटी मात्र हळूहळू उगवू लागली होती. त्या जातीच्या माशांची उगवते. पिल्लं खळग्यातून वर येऊन आईभोवती धुक्यासारखी तरंगू लागली. त्यांना मोजायची सोय नव्हती, पण प्रत्येकाला दोन डोळे होते आणि कपाळं अजून सपाट होती. शास्त्री त्यांच्याकडे पाहत तासन् तास काढत.

पुन्हा कोरडा दिवस आला. दाता थाळी भरून बसला. सभा जमली, आणि भुकेल्या सभेची नजर जिथे जायची तिथेच गेली, सोनसळीभोवतीच्या त्या धुक्याकडे. सरकारने ओठ चाटले. 'जितकं कोवळं तितकं प्रिय,' असं मागे कुणीतरी पुटपुटलंही.

शास्त्री पुढे झाले. टेंगूळ वर केलं. "दात्याची रुची बदलली आहे," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "एकदा शेपटीची चव घेतल्यावर तो अंड्यापिल्लांना तोंड लावत नाही. शेपूट टेंगूळवाल्याचीच हवी, आणि नव्याने उगवलेली. जुनी चालत नाही."

पट्टेकर ओठ हलवत ते पाठ करत होता.

शेपटीत खाण्यासारखं काही नसतं, हे सरकारला मागल्या वेळी कळलं होतं, म्हणून त्यांनी तो मान मोठ्या मनाने पट्टेकरला दिला. शास्त्री वळले आणि पाठमोरे उभे राहिले. समोर सोनसळी पिल्लांना घेऊन खडी चाळवायला निघाली होती. ती खडी उडवी आणि पिल्लं तुटून पडत. पट्टेकर मागे आला. त्याने गुरुजींना वाकून नमस्कार केला, आणि तोंड उघडलं.

"जरा डावीकडून," शास्त्री म्हणाले. "उजवीकडची अजून नीट उगवलेली नाही."